चौकशीच्या खिडकीबाहेर

प्रिय बाळा,

तेहतीस वर्षांच्या माणसाला बाळा म्हणू नये, हे तू मला एकदा चिठ्ठी लिहून कळवलं होतंस. माझ्या लक्षात आहे. पण दुसरं काही लिहून पाहिलं तर पत्र कुणा परक्याच्या पोराला चाललंय असं वाटायला लागलं, म्हणून एवढं चालवून घे. इथे येऊन सात महिने झाले आणि हे माझं पहिलंच पत्र. आजवर फोनच करत होते. आपल्या फोनवर काय होतं ते तुला ठाऊकच आहे. मी तब्येत विचारते, बरी आहे असं मीच सांगून टाकते, जेवलास ना म्हणते, जेवला असशीलच म्हणते आणि ठेवून देते. माझ्या खोलीत राहणाऱ्या, माझ्याबरोबरच शिकणाऱ्या नर्सने एकदा घड्याळ लावून पाहिलं, सव्वादोन मिनिटं भरली. मग तिने अगदी काळजीने विचारलं, काकू, पलीकडे कुणी होतं का? म्हणून या खेपेला पत्र.

तू मला इथे प्रशिक्षण केंद्रात सोडायला आला होतास तेव्हा मी कशी तोऱ्यात होते ते तू पाहिलंच आहेस. बेटावरच्या मिशनच्या दवाखान्यात पेशंटची नावनोंदणी करायला अनुभवी बाई हवी, अशी सूचना चर्चमध्ये वाचून दाखवली आणि वाचणारा खाली बसायच्या आत मी उभी राहिले होते. बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला आणखी काय शिकवणार? प्रवासी 'अहो बाई, ती...' एवढंच म्हणायचा आणि मी 'फलाट चार, साडेनऊ, आज वीस मिनिटं उशिरा' असं सांगून पुढच्याकडे वळलेली असायचे. शंभरात नव्वद वेळा उत्तर बरोबर निघायचं. उरलेले दहाजण कुठे जाऊन पोचले, देव जाणे. मला वाटलं होतं, महिनाभरात प्रशिक्षण उरकेल, दुसऱ्या महिन्यात बोट. बोट दर तीन महिन्यांनी जाते, हे कळल्यावर मी केंद्र चालवणाऱ्या पाळकसाहेबांना ती फेरी वाढवायला मिशनला पत्र लिहा म्हणून सुचवलं होतं. तो माझा इथला पहिलाच दिवस.

आम्ही शिकणारे बाराजण. अकरांचं वय एकत्र करून भागलं तर पंचवीस येतं, आणि मी साठीला टेकलेली. पोरं मला तोंडावर काकू म्हणतात आणि मागे 'जलद गाडी'. मी ऐकलंय, पण मला ते नाव आवडतं म्हणून रागावले नाही. सकाळी सहाला प्रार्थनेच्या खोलीत अर्धा तास गप्प बसायचं असतं. गाणं नाही, वाचन नाही, नुसतं देवापुढे थांबायचं. पहिल्या दिवशी मी चार मिनिटांत आटोपलं. तुझ्या तब्येतीपासून जगाच्या शांतीपर्यंत सगळी यादी होती, घरून लिहूनच आणली होती. मग बसून काय करायचं, म्हणून उठून कडेच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवायला लागले. खुर्च्या लोखंडी, खोलीभर तेवढाच आवाज. पाळकसाहेब बाहेर भेटले तेव्हा मी म्हटलं, माझं लवकर झालं. ते उंच, वाळका माणूस, हसले तरी कळत नाही. म्हणाले, "तुमचं झालं, बाई. त्याचं व्हायचं होतं."

मला वाटलं, टोमणा मारतायत. दोन दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलले. पण तिसऱ्या दिवशी जे झालं त्यात माझाच दोष होता. जेवणाआधी तेच प्रार्थना करत होते आणि मध्येच श्वास घ्यायला थांबले. मला वाटलं, संपलं. मी खणखणीत 'आमेन' म्हणून टाकलं. एकतीस वर्षं काचेमागून बोललेला आवाज माझा, अकराच्या अकरांनी आमेनला आमेन दिलं आणि चमचे वाजायला लागले. पाळकसाहेब बिचारे डोळे मिटून तसेच उभे, प्रार्थनेत आजारी लोकांपर्यंत आलेले. त्यांनी आजारी, प्रवासी आणि विधवा असं क्रमाने सगळं पुरं केलं आणि डोळे उघडले तेव्हा मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. त्यानंतर ते प्रार्थनेत थांबेनासे झाले. एका दमात म्हणतात आणि शेवटी खोकतात.

आता मुख्य गोष्टीवर येते. बेटाची भाषा शिकवायला इथे तिथलेच एक गृहस्थ आहेत. धंद्याने सुतार. केंद्राच्या लाकडी खुर्च्या-टेबलं तेच करतात आणि काम करता करता भाषा शिकवतात, म्हणून सगळे त्यांना सुतारगुरुजी म्हणतात. सत्तरीचे, ठेंगणे, कानामागे पेन्सिल. त्यांच्या बेटावर बोलण्याची एक रीत आहे. एकजण बोलला की दुसऱ्याने एक श्वास जाऊ द्यायचा, मग तोंड उघडायचं. त्या श्वासात बोलणाऱ्याला आणखी काही सुचलं तर तो ते सांगतो. आणि कुणी मध्येच बोललं, तर बिचाऱ्याला नीट ऐकू गेलं नसेल असं समजून बोलणारा माणूस अदबीने सगळं पहिल्यापासून सांगतो. रीत मोठी छान आहे. फक्त तिच्या तावडीत मी सापडायला नको होते.

परीक्षा म्हणून गुरुजी प्रत्येकाला बेटाच्या भाषेत एक गोष्ट सांगतात. ती शेवटपर्यंत ऐकायची आणि परत सांगून दाखवायची. ज्याने ऐकली त्याच्या कागदावर गुरुजी सही करणार, मग पाळकसाहेब, मग मिशन, मग बोट. बाकी अकरांनी ती एकेका दुपारी ऐकली. माझी सुरू झाली ती अशी, "माझ्याकडे एक बोकड होता. त्याचं एक शिंग डावीकडे वाकलेलं होतं. एका सकाळी त्याने दावं तोडलं..." आणि गुरुजींनी श्वास घेतला. मी म्हटलं, हरवला! गुरुजींनी मान डोलावली आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांगतो. माझ्याकडे एक बोकड होता." दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, विहिरीत पडला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी चोरला. नंतर विकला, मग लांडग्याने खाल्ला. बेटावर लांडगे नसतात हे त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, पहिल्यापासून सांगतो. तीन आठवड्यांत मला त्या बोकडाचं शिंग, रंग, दावं आणि दाव्याची गाठ तोंडपाठ झाली. तो दाव्यापुढे पाऊलभर सरकला नाही. मी नर्सला किती विनवलं, शेवट तेवढा सांग गं. ती म्हणाली, काकू, तो ज्याचा त्याने ऐकायचा असतो. एवढीशी पोर, पण मला उडवून लावलं.

मग कागद आले. अकरांना 'जा' आलं, मला एकच शब्द, 'थांबा'. मी कार्यालयात गेले. तिथे एक कारकून आहे, त्याच्यापुढे काचेची खिडकी आणि काचेला खाली अर्धगोल भोक. मी वाकून त्या भोकातून म्हटलं, "अहो, माझा कागद..." आणि तो वर न बघता म्हणाला, "अजून काही आलेलं नाही, पुढचे कोण?" मागे कुणीही नव्हतं. बाळा, एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी अशा खिडकीच्या या बाजूला उभी होते. त्या भोकातून बोलायचं तर केवढं वाकावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तरी दोन आठवडे रोज गेले. शेवटी त्याने मला पाहिलं की लांबूनच मान हलवायला सुरुवात केली, म्हणजे माझी चालण्याची मेहनत वाचावी.

पाळकसाहेबांना गाठलं. देवाने मला बोलावलं आहे आणि तुमच्या कार्यालयाने अडवलं आहे, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, कागद सुतारगुरुजींकडे आहे, निर्णय त्यांचा आणि देवाचा, आणि दोघांपैकी कुणीच घाईत दिसत नाही. मी तणतणत गुरुजींच्या सुतारखान्यात गेले आणि भांडले. आपल्या भाषेतच भांडले, कारण बेटाच्या भाषेत भांडायचं म्हणजे प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्या, तोवर राग जातो. एका बोकडापायी तुम्ही देवाचं काम अडवून ठेवलंत, असंही बोलले. गुरुजी रंधा मारत होते, मारत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी एक श्वास जाऊ दिला. मग म्हणाले, उद्या दुपारी या.

त्या दुपारी मी एक युक्ती केली. तोंडात पाणी धरून बसले. गाल फुगवून, अगदी गंभीर. गुरुजींनी पाहिलं आणि गोष्ट सुरू केली. बोकड निघाला. दावं तोडलं, श्वास गेला, मी गप्प! आयुष्यात पहिल्यांदा तो बोकड दाव्याच्या पुढे गेला. टेकडी चढला, दवाखान्याच्या मागच्या बाजूला आला, लाकडाच्या ढिगावरून कौलांवर चढला आणि छपराला उजेडासाठी काच बसवलेली असते ना, तिच्यातून त्याने खाली बघितलं, तर डॉक्टर एका पेशंटला म्हणत होते, आ करा. आणि बोकडाने आ केला. तोंडचं पाणी पळणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. ते सगळं गुरुजींच्या चष्म्यावर गेलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर ठेवला, एक श्वास घेतला आणि म्हणाले, पहिल्यापासून सांगतो. मी रडकुंडीला आले. पण त्यांनी आधी एक खुर्चीचा पाय माझ्या हातात दिला, वर काचकागदाचा तुकडा दिला आणि घासायला सांगितलं. हाताला काम असलं की माझी जीभ रजेवर जाते, हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. तुझ्या बाबांनाही ते कधी जमलं नव्हतं.

मी घासत राहिले आणि गोष्ट पुढे गेली. गुरुजी बोकडाला उतरवायला दवाखान्यात गेले. बरोबर त्यांची बायको होती. तिला सकाळपासून बरं वाटत नव्हतं, आता आलोच आहोत तर दाखवू, म्हणून ती रांगेत उभी राहिली. नावनोंदणीच्या खिडकीत बाहेरून आलेली एक बाई होती, माझ्यासारखीच. कामाला वाघ, मनाने चांगली, रांग मोठी. गुरुजींची बायको म्हणाली, माझ्या... आणि रीतीप्रमाणे तिने श्वास घेतला. खिडकीतली बाई म्हणाली, पोटात दुखतं ना? आणि लिहून टाकलं; ती पहिल्यापासून सांगणार, तोवर पुढच्याला हाक गेली होती. बेटावर पाहुण्याला 'चुकलात' म्हणत नाहीत. डॉक्टरांना हातात आलेल्या कागदाप्रमाणे वाटलं, पोटच असेल. पोटाचं औषध मिळालं. तोवर गुरुजींनी बोकड उतरवला, सगळं अंगण हसत होतं, तीही हसली, आणि दोघं बोकडाला घेऊन घरी गेली. दुखत होतं छातीत. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी घासायची थांबले होते. गुरुजींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्या बाई वाईट नव्हत्या. माझ्या बायकोसाठी त्यांनी रोज प्रार्थनाही केली. पोटासाठी केली."

मी एक श्वास जाऊ दिला. खोटं कशाला बोलू, रीत म्हणून नाही, मला बोलताच येईना. मग त्यांची गोष्ट मी त्यांना बेटाच्या भाषेत परत सांगितली, बोकडापासून शेवटपर्यंत. तीन ठिकाणी व्याकरण चुकलं, त्यांनी दुरुस्त केलं नाही. मग ते उठले, हत्यारांच्या पेटीतून माझा कागद काढला आणि कानामागची पेन्सिल काढून हसले, सहीला पेन लागतं म्हणून पेन शोधायला लागले. ते पेन शोधत होते तेवढ्यात मला तुझी आठवण आली. एकदम आली.

बाळा, आपण दोघं हे कधी उघड बोललो नाही. तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून बोलताना अडखळतोस. तुला एक अक्षर धरून ठेवतं आणि तू त्याच्याशी झुंजत असतोस आणि तुझी मान ताठ होते. मला ते बघवायचं नाही. म्हणून पुढचं वाक्य मी म्हणून टाकायचे. लोक म्हणायचे, आईला मुलाच्या मनातलं कसं न सांगता कळतं! मलाही तसंच वाटायचं. शाळेत तुझी हजेरी मी दारातून द्यायचे. नकाशे काढायच्या नोकरीच्या मुलाखतीला मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं, साहेबांनी तुला नाव विचारलं आणि मी बाहेरून सांगितलं. शिक्षणही सांगितलं. साहेब म्हणाले, आणखी काही सांगायचं आहे का? ते तुला विचारत होते की मला, हे आजही नक्की माहीत नाही. नोकरी तुला मिळाली ती तुझ्या नकाशांमुळे. मी मात्र वर्षभर सगळ्यांना सांगत होते की, मी होते म्हणून. आणि देवाशीही माझं असंच चाललं होतं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणायचं, आणि त्याने श्वास घ्यायच्या आत त्याची इच्छा काय ते आपणच वाचून दाखवायचं. तो काही मध्ये बोलला नाही. त्याने नुसतं मला एका सुताराच्या हाती दिलं.

गुरुजींना पेन सापडलं. मी म्हटलं, गुरुजी, आत्ता सही करू नका. ते म्हणाले, गोष्ट तर ऐकलीत पुरी. मी म्हटलं, माझं आणखी एक ऐकायचं राहिलंय, माझ्या घरचं. त्यांनी कागद परत पेटीत ठेवला. कालची बोट गेली. नर्स तिच्यातून गेली, जाताना रडली आणि मला म्हणाली, काकू, तुम्ही... आणि पुढे तिला बोलवेना. मी तिचं वाक्य पुरं केलं नाही. हात धरून उभी राहिले, तिने ते स्वतःच पुरं केलं. ते काय होतं ते तुला सांगत नाही, ते माझं आहे. मला अजून सहा महिने तरी इथेच राहावं लागेल असं पाळकसाहेब म्हणतात. खिडकीवर मी आता रोज जात नाही. फक्त सोमवारी जाते. एकदम सगळं सुधारेल अशी आशा तूही ठेवू नकोस.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. बाबांना कबरस्तानात पोचवून आपण घरी आलो, त्या संध्याकाळी लोक निघून गेले होते. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते आणि तू दारात येऊन उभा राहिलास. तू म्हणालास, "आई, मला..." आणि ते पुढचं अक्षर तुला सोडेना. तू बराच वेळ झुंजत होतास. मी म्हटलं, भूक लागली ना, बस, वाढते. तू माझ्याकडे बघितलंस. मग बसलास आणि जेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या गावी निघून गेलास आणि तेव्हापासून फोनवर माझंच बोलणं ऐकत आलास. बाळा, तुला भूक लागलेली नव्हती. मला ते तेव्हाही दिसलं होतं, पण तू जे म्हणणार होतास ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, आणि जेवण तयार होतं. तुला काय हवं होतं? मी सात महिने त्यावर तर्क केले, आता सोडून दिले, माझे तर्क लांडग्यांवर जातात. तू सांग. लिहून सांगितलंस तरी चालेल, फोन केलास तरी चालेल. रविवारी दुपारी चार ते सहा मी कार्यालयातल्या फोनजवळ खुर्चीचा पाय आणि काचकागद घेऊन बसणार आहे, या रविवारी आणि पुढच्याही. तुला एक अक्षर तासभर लागलं तर तासभर लागू दे, मी इकडून 'हं'सुद्धा म्हणणार नाही. आणि कधीच सांगावंसं वाटलं नाही, तर तेही तुझंच. मी वाट बघेन.

तुझीच,
आई